एसयूव्हीची व्हील अलाइनमेंट : केव्हा करायची आणि का? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

विदर्भाच्या खेड्यापाड्यांत आता दारोदारी बोलेरो, स्कॉर्पिओ, थार, ब्रेझा, क्रेटा उभ्या दिसतात. गाडी दणकट आहे म्हणून चाकांकडे कुणी फारसं पाहत नाही, आणि मग चार चांगले टायर एका वर्षात कडेने घासून जातात. आमच्याकडे पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे सोप्यापासून अवघडाकडे असे लावले आहेत. एखाद्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. व्हील अलाइनमेंट म्हणजे नेमकं करतात काय?

गाडीची चाकं कोणत्या कोनात उभी आहेत ते मोजतात आणि कंपनीने त्या मॉडेलसाठी ठरवलेल्या मापात आणतात. टायरला किंवा रिमला काही करत नाहीत. बदल होतो तो टाय रॉड (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा), आर्म अशा चाक धरून ठेवणाऱ्या भागांमध्ये.

मुख्य कोन तीन. वरून पाहिलं तर पुढची दोन चाकं एकमेकांकडे तोंड करून आहेत की बाहेर, हा टो. काही माणसं पंजे आत वळवून चालतात, काही फेंगडी चालतात, तसाच हा प्रकार. समोरून पाहिलं तर चाकाचा वरचा भाग आत झुकलाय की बाहेर, हा कॅम्बर. आणि बाजूने पाहिल्यावर चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष किती मागे कललाय, हा कास्टर. वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं ते मुख्यतः कास्टरमुळे. टायर सगळ्यात लवकर घासतो तो टो बिघडल्याने.

२. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग एकच ना?

नाही. बॅलन्सिंगमध्ये चाक काढून मशिनवर फिरवतात आणि रिमला छोटी वजनं लावून त्याचा भार सगळीकडून सारखा करतात. बॅलन्सिंग बिघडलं की ठरावीक वेगात, बहुतेक वेळा ताशी ८० ते १०० किलोमीटरच्या आसपास, स्टिअरिंग थरथरतं. अलाइनमेंट बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, स्टिअरिंग वाकडं राहतं किंवा टायर एका कडेने घासतो. गाडी थरथरते म्हणून अलाइनमेंट करून आलात तर थरथर तशीच राहील आणि पैसे वाया जातील.

३. अलाइनमेंट बिघडली हे मला घरी कसं कळेल?

रिकाम्या, सरळ, सपाट रस्त्यावर ५०-६० च्या वेगाने चालवा. स्टिअरिंग हलकं धरा, पण हात सोडू नका. गाडी सारखी एकाच बाजूला जात असेल, किंवा गाडी सरळ जाताना स्टिअरिंग वाकडं धरावं लागत असेल, तर शंका घ्या.

खरी साक्ष टायर देतो. गाडी बंद करून, हँडब्रेक लावून टायरच्या नक्षीवरून आडवा तळहात फिरवा, आधी बाहेरून आत आणि मग आतून बाहेर. एका दिशेला हात गुळगुळीत जातो आणि उलट दिशेला करवतीसारखं टोचतं, तर टो बिघडलाय. दोन्ही टायरच्या बाहेरच्या कडा घासल्या असतील तर चाकं जास्त आत वळलेली आहेत, आतल्या कडा घासल्या असतील तर बाहेर वळलेली. एकाच कडेने घासलाय पण हाताला टोचत नाही, तर संशय कॅम्बरवर जातो. मधला पट्टा घासलाय तर हवा जास्त आहे, एकाच टायरच्या दोन्ही कडा सारख्या घासल्या तर हवा कमी आहे. यात अलाइनमेंटचा दोष नसतो. जागोजागी खळगे पडले असतील तर शॉकअ‍ॅब्सॉर्बर आणि बॅलन्सिंग तपासा.

तपासताना स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, म्हणजे पुढच्या टायरची आतली कड दिसते. उभ्या गाडीचा टायर बाहेरून पाहून कुणी 'अजून चांगला आहे' म्हटलं तर त्याला अर्थ नाही. हे इतकं महत्त्वाचं का, ते प्रश्न १७ मध्ये सांगितलं आहे.

४. किती किलोमीटरला करायची?

पहिला मान गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेला. साधारण धरायचं तर बहुतेक वेळ चांगल्या डांबरी किंवा सिमेंट रस्त्यावर चालणारी गाडी दर १०,००० किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा तपासा. गाव ते तालुका, पांदण, मुरमाचा रस्ता, गिट्टी पडलेला अर्धवट रस्ता असा रोजचा प्रवास असेल तर ५,००० किलोमीटरला तपासा.

शब्द 'तपासा' असा आहे. माप बरोबर निघालं तर काही फिरवायची गरज नाही. मापात असलेली गाडी उगाच ढिली करून पुन्हा आवळणाऱ्यापेक्षा 'तुमची बरोबर आहे, जा' म्हणणारा मिस्त्री चांगला.

५. आमच्याकडे तर रस्त्यात खड्डा नाही, खड्ड्यात रस्ता आहे. मग दर महिन्याला करायची काय?

नाही. प्रत्येक खड्ड्याने अलाइनमेंट बिघडत नाही. एसयूव्हीचे उंच टायर आणि लांब चालीचं सस्पेंशन बरंच पोटात घेतं. बिघडते ती विशिष्ट धक्क्यांनी, आणि आपल्याकडे ते धक्के कुठे बसतात हे ओळखता येतं.

आपली काळी कसदार जमीन उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात, पावसात पाणी पिऊन फुगते. तिच्यावरचा रस्ता दरवर्षी वर-खाली होतो आणि त्याला लाटा येतात. अशा लाटांवर वेगात गेलं की सस्पेंशन तळापर्यंत आपटतं. बुश (सांध्यातली रबरं), बॉल जॉइंट (चाकाला वळू देणारे गोल सांधे) हळूहळू ढिले होण्याचं हे मोठं कारण.

दुसरा धक्का साइडपट्टीचा, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान हाच करतो. गावचा रस्ता एकेरी. समोरून एसटी किंवा कापसाने फुगलेला ट्रक आला की आपण डावी चाकं खाली उतरवतो. पावसाने साइडपट्टी खचलेली असते, डांबराची कड वीतभर वर राहिलेली असते. गाडी गेल्यावर वर चढताना डावं पुढचं चाक त्या कडेला तिरकं आपटतं. हा धक्का आडवा असतो. टाय रॉड आणि लोअर आर्मला (चाक खालून धरणाऱ्या भागाला) वरून येणाऱ्या धक्क्यापेक्षा आडवा धक्का जास्त जड जातो. म्हणून अशा रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा डावा लोअर आर्म आणि त्याचे बुश आधी पाहा. कड चढायचीच असेल तर थांबून, हळू चढा.

तपासणीला जायचंच अशी कारणं मोजकी आहेत : रिमला पोचा पडला, टायरच्या बाजूला फुगा आला, धक्क्यानंतर स्टिअरिंग वाकडं झालं, गाडी नाल्याच्या रपट्यावरून किंवा दुभाजकावरून आपटली, किंवा नवा आवाज सुरू झाला. फुगा आलेला टायर मात्र आधी बदला, त्यावर प्रवास करू नका.

६. वर्षातून एकदाच करायची तर कोणत्या महिन्यात?

पाऊस संपून रस्ते वाळल्यावर, कोजागिरी ते दिवाळीच्या सुमारास. चार महिन्यांचे खड्डे, चिखल आणि खचलेल्या कडा यांनी केलेलं नुकसान तेव्हा एकदाच सुधारून होतं. सोयाबीन निघालेलं असतं आणि कापसाच्या वेचणीची धावपळ पुढे असते. जूनमध्ये करून घेतली तर पावसाळ्यातले धक्के त्यावर पुन्हा बसतील. पण टायर आत्ताच घासताना दिसत असेल तर महिन्याची वाट पाहू नका.

७. गाडी सरळ चालते, मग खर्च कायले करायचा?

कारण टो दोन्ही बाजूंनी सारखा बिघडला तर गाडी सरळच चालते. दोन्ही चाकं एकमेकांच्या विरुद्ध ढकलतात, ओढ जाणवत नाही आणि टायर मात्र घासत राहतात.

हिशेब पाहा. बोलेरोच्या २१५/७५ आर १५ टायरचा व्यास साधारण ७० सेंटिमीटर. समजा टो एकूण ३ मिलिमीटरने चुकलाय, म्हणजे प्रत्येक चाक दीड मिलिमीटर तिरकं. ७० सेंटिमीटरला दीड मिलिमीटर, तर १ किलोमीटरला सुमारे २ मीटर. एवढं अंतर तो टायर आडवा घासत जातो. ५,००० किलोमीटर झाले की प्रत्येक पुढचा टायर १० किलोमीटर आडवा फरपटलेला असतो. ३ मिलिमीटर डोळ्याला दिसत नाहीत, स्टिअरिंगलाही कळत नाहीत.

अलाइनमेंटला काही शे रुपये लागतात, एसयूव्हीच्या एका टायरला काही हजार. शिवाय अलाइनमेंट चुकल्याने टायर घासला तर टायर कंपनीची वॉरंटी सहसा मिळत नाही.

८. गाडी नवीकोरी आहे. तिलाही लागते?

तपासून घ्या, विशेषतः पहिल्या ५,००० किलोमीटरच्या सुमारास. नवे बुश आणि स्प्रिंग सुरुवातीला थोडे बसतात. मोफत सर्व्हिसिंगमध्ये अलाइनमेंट धरलेली आहे का हे आधी विचारा, बऱ्याचदा ती वेगळी असते.

९. काय बदललं की अलाइनमेंट करायलाच पाहिजे?

टाय रॉड एंड, लोअर आर्म, बॉल जॉइंट, पुढचा शॉकअ‍ॅब्सॉर्बर किंवा स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला भाग), स्टिअरिंग बॉक्स किंवा रॅक यांपैकी काहीही निघालं तर अलाइनमेंट करायचीच. नवे टायर टाकल्यावरही करा. टायर बदलल्याने कोन बदलत नाहीत, पण ज्या कारणाने जुने घासले ते कारण गाडीतच असेल तर नवे पहिल्या दिवसापासून घासायला लागतील. पंक्चर काढलं, स्टेपनी लावली किंवा टायरची अदलाबदल केली तर गरज नाही.

१०. अलाइनमेंट करून आठ दिवस झाले, गाडी पुन्हा ओढते. मशिनवाल्यानं फसवलं काय?

फसवलंच असेल असं नाही, पण एक पायरी गाळली असण्याची शक्यता मोठी आहे. ढिल्या भागांवर केलेली अलाइनमेंट टिकत नाही. मशिनवर गाडी स्थिर उभी असते तेव्हा माप बरोबर येतं, रस्त्यावर पहिल्या धक्क्याला ढिला जॉइंट सरकतो आणि माप बदलतं.

म्हणून मशिन लावण्याआधी गाडी जॅकवर घेऊन, खाली स्टँड लावून पुढची चाकं हलवून पाहायला सांगा आणि स्वतः शेजारी उभे राहा. चाक डावी-उजवीकडून धरून हलवल्यावर खडखड आली तर टाय रॉड एंड किंवा स्टिअरिंगचा सांधा गेलाय. वर-खाली धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. लोअर आर्मच्या बुशचं रबर फाटलंय का ते बॅटरीच्या उजेडात दिसतं. यातलं काही गेलं असेल तर आधी ते बदला, मग अलाइनमेंट करा. जो मिस्त्री हे न पाहता सरळ मशिन लावतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

दुसरं कारण साधं आहे : माप लावून झाल्यावर टाय रॉडचा चेकनट (माप सरकू नये म्हणून लावलेला नट) नीट आवळला नाही. तो हाताने फिरतोय का, एवढं पाहून घ्या.

११. मशिनवर सगळं हिरवं दाखवलं, तरी गाडी डावीकडं ओढते. काऊन?

हिरवं म्हणजे माप हद्दीत आहे, एवढंच. आधी हवा पाहा. गाडी थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर दिलेली हवा चारही टायरमध्ये भरा. पुढच्या दोन टायरमध्ये चार-पाच पीएसआयचा फरक असला तरी गाडी कमी हवेच्या बाजूला जाते.

मग रस्ता पाहा. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला मधून कडेकडे उतार ठेवतात. आपण डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे गाडी हळूहळू डावीकडे सरकणं काही प्रमाणात स्वाभाविक आहे. उजवीकडे ओढत असेल तर तो दोष रस्त्याचा नक्की नाही.

मग टायर पाहा. पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी लावा आणि पुन्हा चालवा. ओढ बाजू बदलून उजवीकडे गेली तर टायरच्या आतल्या बांधणीत दोष आहे, आणि अलाइनमेंट कितीदाही केली तरी तो जाणार नाही. टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर ही अदलाबदल करू नका, पुढचे-मागचे बदलून पाहा.

शेवटी ब्रेक. एखाद्या चाकाचा ब्रेक अडकलेला असेल तर दहा-पंधरा किलोमीटर चालवल्यावर ते चाक इतरांपेक्षा जास्त तापतं. रिमला हात न लावता, जवळ तळहात नेऊनच धग कळते. ओढ फक्त ब्रेक मारताना येत असेल तर अलाइनमेंटच्या दुकानात न जाता ब्रेकचं काम करून घ्या.

१२. गाडी सरळ जाते पण स्टिअरिंग वाकडं राहतं. चालतंय तसं चालू द्यावं का?

नको. अलाइनमेंटनंतर लगेच असं झालं असेल तर स्टिअरिंग मधोमध न बांधता टो लावला गेला, किंवा एकाच बाजूचा टाय रॉड फिरवला. त्याच दुकानात परत जा, दोन्ही बाजू सारख्या करून द्यायला सांगा. स्टिअरिंग काढून सरळ बसवून देतो म्हणाले तर थांबवा. त्याने दोष झाकला जातो, आणि एअरबॅग असलेल्या गाडीत स्टिअरिंग उगाच काढणं धोक्याचंही आहे.

पुढची चाकं मापात असून स्टिअरिंग वाकडं असेल तर मागचा एक्सल पाहा. बोलेरोसारख्या पाट्यांच्या (मागे लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग असलेल्या) गाडीत जड ओझ्याने पाट्याचा सेंटर बोल्ट तुटतो किंवा यू-बोल्ट ढिले पडतात. मग एक्सल एका बाजूने मागे सरकतो आणि गाडी तिरकी चालते. मागून येणाऱ्याला ते स्पष्ट दिसतं, आत बसलेल्याला फक्त वाकडं स्टिअरिंग जाणवतं. पुढची चाकं सरळ ठेवून टेपने पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. ठळक फरक आला तर आधी पाट्यांचं काम, मग अलाइनमेंट.

१३. पावसाळ्यात वावरातून डांबरी रस्त्यावर आलो की गाडी गदगद हलते. अलाइनमेंट गेली का?

बहुतेक नाही. रिमच्या आतल्या बाजूला काळी माती भरलेली असते. ती वाळली की दगडासारखी घट्ट होते, एकाच बाजूला किलोभर चिकटते आणि चाकाचा तोल जातो. बाहेरून गाडी धुतली तरी आतला थर तसाच राहतो. गाडी उचलून किंवा चाक काढून रिमची आतली बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. पुष्कळदा थरथर तिथेच थांबते. थांबली नाही तर बॅलन्सिंग, मग रिम वाकलाय का ते पाहा.

अलाइनमेंटला जातानाही चाकं आणि खालचा भाग धुऊनच जा. चिखलाने लिंपलेले टाय रॉडचे आटे फिरत नाहीत, आणि वैतागलेला कारागीर 'बरोबर आहे' म्हणून सोडून देतो.

१४. माझ्या गाडीत नेमकं काय काय ॲडजस्ट होतं? मागच्या चाकांचीही करतात का?

मोजायची चारही चाकांची, फिरवता येतं ते गाडीवर अवलंबून. जिप्सी आणि जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे सलग एक्सल (दोन्ही चाकं एकाच दांड्यावर) आहे. त्यांच्यात नेहमीच्या कामात फक्त पुढचा टो लावता येतो. क्रेटा, ब्रेझा, नेक्सॉन यांना पुढे स्ट्रट आणि मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा तुळईसारखा भाग) आहे, त्यामुळे पुढचा टो मुख्य आणि मागे काही फिरवायला नसतं. मागचं माप चुकलं तर बीम वाकलाय किंवा त्याचे बुश गेलेत. फॉर्च्युनरच्या पुढच्या आर्मला फिरवता येणारे बोल्ट असतात, तिथे कॅम्बर-कास्टरही लावता येतो. मागे सलग एक्सल. एक्सयूव्ही ७०० ला मागची चाकं स्वतंत्र सस्पेंशनवर आहेत, त्यामुळे तिथे मागचा टोही पाहावा लागतो. अशा गाडीत आधी मागची चाकं, मग पुढची, हा क्रम चुकवायचा नाही.

१५. 'कॅम्बर आउट आहे, त्याचे वेगळे पैसे' असं सांगतात. करून घ्यावं का?

आधी विचारा, कॅम्बर कशाने आउट झाला. कॅम्बर आपोआप बदलत नाही. स्प्रिंग बसली, बुश फाटला, आर्म वाकला, स्ट्रट वाकला यांपैकी काहीतरी घडलेलं असतं. गाडीत कॅम्बरसाठी कंपनीने दिलेला बोल्ट असेल तर तो फिरवायला हरकत नाही.

पण आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रट किंवा नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) वाकवतात आणि आकडा हिरवा करून देतात. याला माझा ठाम विरोध आहे. चाक ज्या लोखंडावर उभं आहे ते ताण देऊन वाकवायचं, आणि त्याच गाडीत लेकरंबाळं बसवून हायवेला जायचं, हे कोणत्याही बचतीत बसत नाही. वाकलेला भाग बदला. आणि फरक अगदी किरकोळ असेल, टायर सारखा घासत असेल, गाडी ओढत नसेल, तर काहीच करू नका.

१६. मशिनचा कागद हातात दिला, पण कळत काही नाही. काय पाहायचं?

कागद घेतला हेच निम्मं काम. 'आधी' आणि 'नंतर' असे दोन्ही आकडे असलेला कागद मागा, नुसता 'नंतर'चा नको. वर तुमच्या गाडीचं मॉडेल बरोबर निवडलंय का ते पाहा. दुसऱ्याच मॉडेलची मापं लावून सगळं हिरवं केलेले कागद आम्ही पाहिले आहेत.

आकडे अंश आणि मिनिटांत असतात, ६० मिनिटांचा एक अंश. प्रश्न ७ मधला ३ मिलिमीटरचा फरक मशिनवर साधारण १५ मिनिटं असा दिसेल. पहिला डोळा एकूण टोवर ठेवा, तो हद्दीच्या काठावर न राहता मधोमध हवा. मग डाव्या-उजव्या कॅम्बरमधला फरक : अर्ध्या अंशापेक्षा जास्त असेल तर गाडी ओढण्याची शक्यता असते. कास्टरची जागा रिकामी असेल तर तो मोजलाच नाही असं समजा. तो मोजायला चाकं दोन्ही बाजूंना वळवावी लागतात, आणि घाईत ही पायरी सगळ्यात आधी गळते. कागद जपून ठेवा, पुढच्या वेळी तुलनेला लागतो.

१७. समृद्धीनं मुंबईला जायचंय. निघण्याआधी अलाइनमेंट पुरेशी आहे का?

अलाइनमेंटपेक्षा आधी टायरची आतली कड पाहा. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, सिमेंटचा, आणि कारला ताशी १२० ची मर्यादा. गावच्या रस्त्यावर ४०-५० ने चालणाऱ्या टायरला एकदम तासन् तास त्या वेगात पळावं लागतं, तेही उन्हाळ्यात ४५ अंशांच्या उन्हात. चाकं बाहेर वळलेल्या गाडीत टायरची आतली कड झिजून आतले धागे दिसायला लागतात आणि बाहेरची नक्षी मात्र नव्यासारखी असते. असा टायर वेगात फुटतो. कडेला जरी नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर टायर बदला. नक्षीच्या खाचेतली छोटी उंचवट्याची खूण हेच माप दाखवते. घासून गेलेला टायर अलाइनमेंटने परत येत नाही.

हवा थंड टायरमध्ये, पहाटे निघण्याआधी भरा. वाटेत तापलेल्या टायरची हवा जास्त दिसली म्हणून काढू नका. अलाइनमेंट केली असेल तर निघण्याच्या दोन-चार दिवस आधी करा, म्हणजे काही चुकलं असेल तर गावातच कळेल.

१८. जवळ मशिन नाही. गावातला मिस्त्री दोरी लावून करतो, चालेल का?

तात्पुरतं चालेल, आणि नीट केलं तर टो बऱ्यापैकी लागतो. गडचिरोलीत भामरागड-एटापल्लीकडे टाय रॉड एंड तुटला तर दुसरा इलाजही नसतो. जुना एंड काढण्याआधी बाहेर दिसणारे आटे मोजा किंवा किती फेऱ्यांत निघतो ते मोजा, आणि नवा तेवढ्याच फेऱ्यांत बसवा. गाडी चालण्याजोगी होते.

टेपने मोजायचं असेल तर सपाट जागेवर चाकं सरळ करा. पुढची चाकं उचलून, फिरवत, टायरच्या मधोमध खडूने रेघ ओढा. गाडी खाली टेकवा, पुढे-मागे थोडी ढकला, म्हणजे सस्पेंशन बसतं. मग चाकाच्या मध्याच्या उंचीवर दोन्ही रेघांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे टो, तो पुस्तिकेतल्या मापाशी जुळवा. यात कॅम्बर, कास्टर किंवा मागच्या एक्सलचा तिरकेपणा कळत नाही. म्हणून पुढच्या फेरीत तालुक्याला किंवा जिल्ह्याला गेलात की थ्री-डी मशिनवर तपासा. तोपर्यंत वेग कमी ठेवा.

१९. गाडीत कायम सोयाबीनची पोती, खताच्या बॅगा असतात. रिकामी करून न्यावी का?

हो. कंपनीची मापं कोणत्या भारासाठी आहेत हे पुस्तिकेत असतं, बहुतेक गाड्यांची रिकाम्या गाडीसाठीच. मागे ओझं असलं की मागची बाजू दबते, पुढची उचलते आणि पुढचे कोन बदलतात. भरलेल्या गाडीवर लावलेलं माप रिकामी झाल्यावर चुकतं. ओझं काढल्यावरही मागची बाजू दबलेलीच राहत असेल तर पाटे किंवा स्प्रिंग बसल्यात, त्यांचं काम आधी.

२०. थारला मोठे टायर आणि उंची वाढवायचं किट टाकलं. नेहमीचीच अलाइनमेंट चालेल?

नेहमीचं माप लावून भागत नाही. उंची वाढली की आर्मचे कोन बदलतात, त्याबरोबर कॅम्बर, कास्टर आणि टो तिन्ही सरकतात, आणि कधी कधी मूळ बोल्टच्या फिरण्यात ते परत येतच नाहीत. किट बनवणाऱ्याने कोणती मापं आणि कोणते जादा भाग सांगितलेत ते घेऊनच दुकानात जा. जिम्नी-जिप्सीसारख्या पुढे सलग एक्सल असलेल्या गाडीत उंची वाढवल्यावर कास्टर कमी होतो, स्टिअरिंग परत येत नाही आणि एखाद्या धक्क्यानंतर पुढची चाकं जोरात हेलकावे खायला लागतात. असं झालं तर ब्रेक न दाबता वेग हळूहळू उतरवा, बाजूला घ्या. त्याचं मूळ आडव्या रॉडचे बुश, किंगपिनचे (चाक ज्यावर वळतं त्या खुंटीचे) बेअरिंग, बॅलन्सिंग यांत शोधावं लागतं. नुसत्या टोने ते जात नाही.

२१. कॅमेरा-रडार असलेली गाडी आहे. बाहेर अलाइनमेंट केली तर काही बिघडतं का?

बिघडत नाही, पण काम अर्धवट राहू शकतं. स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू नये म्हणून आपोआप ब्रेक धरणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर असतो. टो लावल्यावर स्टिअरिंगचं 'सरळ' बदललं तर सेन्सरला नवं शून्य शिकवावं लागतं, नाहीतर पिवळा दिवा लागतो किंवा गाडी वळणावर नको तेव्हा ब्रेक धरते. काही गाड्या थोडं अंतर सरळ चालवल्यावर स्वतः शिकतात, काहींना स्कॅनर लावावा लागतो.

एक्सयूव्ही ७००, हॅरियर, क्रेटा यांच्या वरच्या प्रकारांत लेन ओळखणारा कॅमेरा असतो. मागच्या एक्सलचं माप बदललं असेल किंवा सस्पेंशनचं मोठं काम झालं असेल तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन लागतं का, हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. दुकानात शिरण्याआधीच 'तुमच्याकडे सेन्सर रिसेट करायचा स्कॅनर आहे का' हे विचारा. नसेल तर अशा गाडीची अलाइनमेंट जिल्ह्याच्या ठिकाणी, तो असलेल्या दुकानातच करा.